पाडव्याचं जेवण

प्रिय हर्षा,

मलकपेठच्या घरी संध्याकाळी मी तुझ्याकडून इंग्रजीचा धडा मोठ्यानं वाचून घ्यायचे, आणि तू वाचता वाचता माझ्या पोह्यांतले शेंगदाणे वेचून खायचास.

काल पाडव्याला तुझ्या कंपनीचे परदेशी भागीदार जेवायला येणार, म्हणून मी सकाळपासून तुझ्या नव्या बंगल्यात राबले. पुरणपोळ्या केल्या, बगारा बैंगन केलं. गरम पोळी वाढायला निघाले, तर तुझी अलका म्हणाली, "ताई, तुम्ही आतच बऱ्या."

बाहेर साहेबांनी विचारलं, एवढं सुंदर कुणी रांधलं? "आमच्या स्वयंपाकीणबाईंनी," अलका म्हणाली. मला वाटलं, आता तू बोलशील. तू बोललासही, "फार वर्षांपासून आहे आमच्याकडे." इंग्रजीत म्हणालास. उच्चार अगदी स्वच्छ होते, मीच घोटून घेतलेले.

हे पत्र मी टाकणार नाही. सामान तेवढं रिक्षानं पाठवते, त्यावर नावं लिहिलेली असतील. अनारशांचा डबा तुझ्या चिन्मयला. आईचं ओवाळायचं चांदीचं ताट श्रुतीला. आज भाऊबीज, तिला भावाला ओवाळायचं असेल. मला ते आता लागणार नाही.

कुमुदताई