कोमलच्या पेशी

पुसेगाव, ता. सेनगाव
रविवार, दुपार

प्रिय कोमल,

आईचं पत्र बघून घाबरू नको. घरी सगळे धडधाकट आहेत. आजीचे गुडघे दुखून राहिलेत, ते कायमचेच. तुझे बाबा तुरीवर फवारा मारून आले की दोन दिवस शिंकतात, तेही कायमचंच. रोज संध्याकाळी आपण फोनवर बोलतो, मग आईला पत्राचा सोस काहून आला, असं तुझ्या मनात येईल. बाई गं, मला जे सांगायचंय ते फोनवर ऐकून तू दोन सेकंदात ‘व्हय’ म्हणशील, आणि मला ते दोन सेकंदातलं ‘व्हय’ नको आहे. म्हणून लिहायला बसले. अंगणवाडीची रजिस्टरं भरून भरून अक्षराचं पार वाटोळं झालंय, तेवढं सांभाळून घे.

आधी बातमी सांगते, म्हणजे वाचताना जीव टांगणीला लागायचा नाही. मागच्या आठवड्यात दादाला घेऊन पुण्याला गेलो होतो, दरवर्षीच्या तपासणीला. ह्या खेपेला डॉक्टरांनी मला आणि तुझ्या बाबांना समोर बसवून घेतलं. दादाच्या अंगात तुझ्या पेशी आधी शंभरात पंच्याण्णव होत्या. मग सत्तर झाल्या, गेल्या साली चाळीस. आता बाराच राहिल्यात. त्याच्या स्वतःच्या जुन्या, बिनकामाच्या पेशी पुन्हा डोकं वर काढून राहिल्यात. आज तो ठणठणीत आहे. सेनगावला मोबाइलच्या दुकानात बसतो, दोन माणसांचं जेवण एकटा जेवतो. पण त्या बाराच्या पाच झाल्या तर लेकरू पुन्हा तिथंच जाईल, जिथून तू त्याला ओढून काढलंस.

तू त्याला कशातून काढलंस, हे तुला नीट बसवून कोणी सांगितलंच नाही. तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस, आणि आमच्याच डोक्यात ते शिरता शिरत नव्हतं. तर ऐक. जखमेतून, श्वासातून जंतू आत शिरला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी वास काढत तिथं पोचतात आणि त्याला अख्खा गिळतात. गिळून झाल्यावर पोटातल्या पोटात एक जहाल रसायन बनवून त्याला मारतात. तुझ्या अंगात, माझ्या अंगात हे दिवसातून हजार वेळा होत असतं आणि आपल्याला पत्ताही नसतो. दादाच्या पेशी धावत जायच्या, गिळायच्याही बराबर, फक्त ते रसायन त्यांना बनवता यायचं नाही. जंतू त्यांच्या पोटात आरामात जिवंत राहायचा. डॉक्टर म्हणाले होते, बाई, राखणीचं कुत्रं आहे, चोराला धरतंही, पण त्याला दातच नाहीत. हा दोष आईकडून लेकाला येतो. माझ्या अंगात असून मला काही झालं नाही, आणि माझ्या लेकराला मात्र झालं. तुझ्यात तो उतरलेला नाही, हे तेव्हाच तपासलं होतं. त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात बसून मी रडले होते. एका डोळ्यात तुझ्यासाठीचा आनंद होता, दुसऱ्यात त्याच्यासाठीचं दुःख. कोणता डोळा पुसावा तेच कळेना.

तीन महिन्यांचा असताना क्षयाच्या लसीनं त्याच्या काखेत लिंबाएवढी गाठ आली होती. लाखो लेकरांना ती लस सुखाची जाते. ह्याच्या अंगाला तिच्यातला मरतुकडा जंतूही मारता आला नाही. आजीनं मीठ-मिरच्या ओवाळल्या, औंढ्याला नागनाथाला नवस बोलली. मग फोड, मग ताप, मग पुन्हा गाठ. नऊ वर्षांचा असताना पोरांसोबत सोयाबीनच्या कुटारात लोळला. तेव्हा त्यात नवल काय होतं? सगळीच लेकरं लोळतात. तू तर सगळ्यांच्या वर, नाकातोंडात भुसा घेऊन खिदळत होतीस. ओल्या कुटाराला बुरशी असते. तुला दोन शिंका आल्या. त्याच्या फुप्फुसात ती बुरशी रुजली आणि आम्ही चार महिने दवाखान्यात काढले. तिथं पहिल्यांदा ह्या आजाराचं नाव कळलं. तेव्हापासून रोज गोळ्या सुरू झाल्या. शेतात जायचं नाही, गोठ्यात पाय ठेवायचा नाही, कडब्याला हात लावायचा नाही. शेतकऱ्याच्या पोराला असं सांगायचं म्हणजे माशाला पाण्यात उतरू नको म्हणायचं.

पुढचं तुला आठवत असेलच, पण माझ्या बाजूनं सांगू दे. तो चौदाचा झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, गोळ्यांवर किती दिवस रेटणार? हाडातला मगजच बदलू. माझं आणि बाबांचं अर्धं अर्धं जुळलं. तुझं शंभराला शंभर. सख्ख्या भावंडांत चौघांत एखाद्याचं जुळतं म्हणे, आणि आपल्याला तर भावंड म्हणून तू एकटीच! त्याच्या हाडांतलं जुनं सगळं औषधानं जाळलं, काचेच्या खोलीत ठेवला. तुझ्या कमरेच्या हाडातून काढलेला मगज एका पिशवीत लालभडक दिसत होता. मी त्या पिशवीला नमस्कार केला. ती सलाइनसारखी त्याच्या नसेत टांगली, बस्स. आतमध्ये तुझ्या पेशींना कोणी वाट दाखवली नाही, पत्ता दिला नाही. त्या रक्तातून फिरत फिरत आपल्या आपण त्याच्या हाडात जाऊन बसल्या. सतराव्या दिवशी सिस्टर धावत सांगत आल्या की रक्तात नव्या पांढऱ्या पेशी दिसल्या. तुझे बाबा, जे कधी देवळातही नीट वाकत नाहीत, ते काचेसमोर खाली बसून लहान लेकरासारखे रडले.

नंतरच्या गमती आठवल्या की मला एकटीलाच हसू येतं. नव्या पेशी म्हणजे नवं खातं, जुन्या लसींची ओळखच पुसली गेली. पंधरा वर्षांचा, मिसरूड फुटलेला घोडा आपल्याच अंगणवाडीत तान्ह्या लेकरांच्या रांगेत दंड उघडा करून बसला होता. लाजेनं त्याची मान वर होईना. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. आणि तू, बारा वर्षांची टिकली, कमरेवर हात ठेवून सगळ्यांना सांगत होतीस, “हसू नका, त्या माझ्या पेशी हायत. त्यांना फकस्त शिकवायचं बाकी हाय.” मी वीस वर्षं बायांना लस समजावून सांगते, पण इतकं सोपं मला एकदाही सांगता आलं नाही. पुढं वांग्याची गंमत झाली. तुला वांगं खाल्लं की ओठ खाजतात, आणि तो तर भरताची पातेली चाटणारा. आता त्यालाही खाज सुटते. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, होतं असं कधी कधी, राखणदार बहिणीचे आहेत ना, त्यांचे रुसवेही बहिणीचेच. आजी म्हणते, पोरीनं भावाला जीव दिला अन् वांगं काढून घेतलं.

कोमल, ह्या सात वर्षांत त्याला एकदाही न्यूमोनिया झाला नाही. तो आता गोठ्यात जातो, पेरणीला जातो, गुडघा फुटला तर आठ दिवसांत खपली धरते. ती खपली बघायला मी त्याचा पाय ओढून घेते, तो चिडतो. साध्या खपलीचं एवढं कौतुक कोणती आई करत असेल? सकाळी चूल पेटवताना मी तुझं नाव घेते. उपकार हा शब्द आईनं लेकीला लिहावा की नाही मला माहीत नाही, पण मी लिहिते. तुझे माझ्यावर उपकार आहेत, आणि ते मी आजवर तोंडानं कधी बोलले नाही.

बोलले ते भलतंच. दवाखान्यातून सुटल्यावर तू दहा दिवस कमरेत वाकून चालत होतीस. पाहुणे यायचे ते फळं घेऊन, खेळणी घेऊन, सगळी दादासाठी. त्यांच्यासमोर मी तुला म्हणाले, “काहून लंगडून राहिलीस? नाटकं करू नको.” तू त्या क्षणापासून सरळ चालायला लागलीस. दुखत असून सरळ चाललीस, हे मला रात्री तू कूस बदलताना कण्हलीस तेव्हा कळलं, आणि तरीही मी काही बोलले नाही. अजून एक आठवतं. दोन वर्षांपूर्वी तू पोलीस भरतीचं नाव काढलंस आणि आम्ही सगळे तुझ्यावर धावून गेलो, तेव्हा तू म्हणालीस, “माझी हाडं चालतात तुमाला, माझं म्हणणं चालत न्हाई.” मी तुला मारलं. खरं बोललेल्या माणसालाच माणूस असं मारतो, बाई. परभणीला भरतीच्या क्लासला तुला पाठवायला मी बाबांशी भांडले, ते त्या थपडेपायी.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं, ते लिहिते. दादाला पुन्हा तुझाच मगज लागेल असं डॉक्टर म्हणतात. काढल्यावर तीन आठवडे तुला पळता येणार नाही, आणि तुझी मैदानी चाचणी कधी लागेल ह्याचा भरवसा नाही, हे मला ठाऊक आहे. दोन-तीन महिने थांबलं तर चालेल, तोवर त्याला गोळ्या आहेत. तू नाहीच म्हणालीस तर बाहेरचा कोणी जुळतो का ते बघतील; ती वाट अवघड आहे, पण वाट आहे. दादा तर म्हणतो, तिला नीट विचारल्याबिगर मी खाटेवर चढणार न्हाई. त्याला ठाऊक नाही ते तुला सांगते. सात वर्षांपूर्वी दवाखान्यातल्या एक मॅडम तुझ्याशी एकटीशी बोलायला आल्या होत्या. तुला समजलंय का, तुझी तयारी आहे का, हे त्यांना विचारायचं होतं. मी त्यांना दारातच म्हणाले, मी सगळं सांगितलंय, ती खुशीनं तयार आहे. तसं लिहूनही दिलं, खाली माझी सही आहे. मी तुला काहीच सांगितलं नव्हतं. कात्रजला वाघ बघायला जायचंय, जाता जाता थोडं रक्त देऊ, एवढंच सांगितलं होतं. तू नाही म्हणशील, ह्या भीतीनं मी तुला विचारलंच नाही. वाघही दाखवला नाही. मला माफ कर. आता तू अठराची आहेस, सही तुझी लागते. सेनगावला छापून आणलेला फॉर्म सोबत ठेवलाय आणि त्याच्या मागं डॉक्टरीणबाईंचा नंबर आहे. त्या दादाच्या डॉक्टर नाहीत, फक्त तुझ्यासाठी आहेत. तू त्यांना काय बोललीस ते त्या आम्हाला सांगणार नाहीत. तू नको म्हणालीस तर ‘जमत नाही’ एवढंच कळवतील, आणि त्यावर ह्या घरात तुला कोणी काहून म्हणून विचारणार नाही. विचारलं तर माझ्याशी गाठ आहे. बाबांनी सवयीनं सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली केली होती. ती मी खोडरबरानं पुसली. जागा कोरी आहे.

ह्या पत्रापुरती तरी दादाची नाही, फक्त तुझीच,
आई