पाठकोऱ्या कागदावरचा शेवट

बाबा, कागदाची मागची बाजू तुम्ही कधी वाया जाऊ दिली नाही. पेपरला बातमी गेली की टिपणांचे पाठकोरे कागद उलटे करायचे आणि त्यांवर नाटक लिहायचं. उद्या सकाळी नागपूरच्या एका ग्रंथालयातली माणसं तुमची पेटी न्यायला येणार आहेत. झाडीपट्टीच्या नाटककारांची हस्तलिखितं ते जपून ठेवतात, मागेल त्याला वाचायला देतात. मीच बोलावलं त्यांना. पेटीच्या एका कोपऱ्याला वाळवी लागली होती. आई म्हणाली, "देऊन टाक. कोणी वाचीन तरी." आणि पेटी लावताना तो कागद हाती आला.

एका बाजूला तुमच्या नाटकाचा शेवट. दुसऱ्या बाजूला जंगलातल्या गावच्या एका बाईचं बोलणं: तिच्या नवऱ्याला घरातून कोण घेऊन गेलं, त्यांची नावं, तिचं नाव. वर तुमच्या अक्षरात, 'छापून झाल्यावर जाळणे'. बातमीत तुम्ही तिचं नाव येऊ दिलं नव्हतं, ते कात्रण मी पाहिलं. पण कागद जाळला नाही. मागे नाटक उतरलं होतं म्हणूनच ना? दुसरं काही कारण असेल म्हणून मी सगळी पेटी उपसली. कागद दिला तर ती बाई उघडी पडते, जाळला तर नाटकाला शेवट राहत नाही. नक्कल करायला बसले, पण शेवट दोन निघाले. खालच्यात हरवलेला नवरा परत येतो. वरच्यात तो येत नाही, आणि तो तुम्ही एका हलक्या रेघेने खोडला आहे, इतक्या हलक्या की शब्द न् शब्द वाचता येतो. ही रेघ खरी धरायची का, हे विचारायला तुम्ही कुठे आहात?

शाळेत जायच्या आधी तुम्ही मला याच कागदांवर वाचायला शिकवलंत. आई चुलीपाशी, मी पाटावर, तुम्ही दाढी करता करता ऐकताय. एकदा 'म्हातारी मेली' असं होतं, ते मी 'म्हातारीचं निधन झालं' असं वाचलं. तुमचा हात थांबला. "तिची सून जशी बोलली तसंच ठेव. आपल्या मनचं घालू नोको." त्यानंतर थोड्याच वर्षांत तुम्ही गेलात. मी अजून कुणाच्या वाक्यात बोट घालत नाही.

म्हणून आज कागदावरच्या त्या बाईकडे गेले. अंगणात मोहफुलं वाळत घातली आहेत, चुलीवर भात आहे. मी कोण ते सांगितलं तशी ती हसली. "पेपरवाल्या भाऊची पोरगी? तोंड तं बापाचंच हाय. सायकल कुठी ठेवली?" चालत आले म्हटलं. "बाप बरा होता मंग, सायकल तं होती."

कागद दाखवला, काय आहे ते सांगितलं. तिचं हसू गेलं. "जाळतो म्हणे भाऊ. माह्यासमोर म्हणे." मग तिने कागदावर बोट ठेवलं. "यातले दोघं इथीच राह्यतात. त्यायच्या पोरीच्या लग्नात मी जेवून आली. जाळ ते."

मागे नाटक आहे, म्हटलं. वाच म्हणाली. परत येणाऱ्या नवऱ्याचा शेवट वाचताच तिने हात उचलला. "हे मी पाह्यलं! मंडईच्या जत्रेत. तो आला न् साऱ्या बाया टाळ्या पिटून राह्यल्या. मी उठून गेली."

मग मी खोडलेला वाचला. त्यात बायको रोज दोन ताटं वाढते, आणि एके दिवशी दुसऱ्या ताटातलंही तीच खाते. पुढच्या बाजूच्या टिपणात तिने तुम्हाला हेच सांगितलं होतं. ती मोहफुलं हाताने सारखी करत राहिली.

"हे काऊन काढलं भाऊनं?"

काऊन काढलं, बाबा? नाटक कंपनीच्या मालकाला टाळ्या हव्या होत्या म्हणून? की कुणी तिला ओळखेल म्हणून? कागद ठेवणाऱ्या माणसाला एवढी काळजी होती, असं मी मानू का? तिला म्हटलं, हे ठेवलं तर लोक तुम्हाला ओळखतील. "दोन ताटं तं कोणतीबी बाई वाढते," ती म्हणाली. "नावं जाळ. ताटं राहू दे."

तिच्या अंगणातच मी तो शेवट उतरवून घेतला. मग तिने कागद माझ्या हातून घेतला आणि भाताखालच्या जाळात सारला. तुमचं अक्षर जळताना मी पाहू शकले नाही.

हे पत्रही पाठकोऱ्या कागदावर आहे. ते पेटीत जाणार नाही. माझ्या नकलेत ती रेघ नाही, आणि परत आलेला नवरा मी उतरवलाच नाही. उद्या त्यांनी विचारलं, हे सगळं तुमच्या बाबांच्या मनचंच ना, तर मी हो म्हणणार आहे.