बयानात मी कुठंच नाही

३ फेब्रुवारी
बिसाहूले जाऊन आज एकोणीस दिवस. सिलतऱ्याच्या फॅक्टरीत माझ्या शिफ्टचा सगळ्यात जुना माणूस. भट्टीमागच्या धुळीच्या चेंबरमध्ये साफसफाईले उतरला, आत गॅस होता. बाहेर आला तो दोघांच्या खांद्यावर. कंपनीनं लिहून दिलं, पिऊन आला होता, म्हणजे भरपाई द्यायले नको.
त्याची बायको फुलबाई आज घरी आली. आत ये म्हटलं, आली नाही. पायरीवरच बसली. "वो पिए नइ रिहिस भैया. तैं तो जानथस."
पिऊन नव्हता तो, जाणतो ना. त्या दिवशी कामावर जायच्या आधी एकाच बाकावर चहा घेतला दोघांनी.
तिले म्हटलं, लेबर ऑफिसात लेखी बयान देतो. चार दिवसांत. शिफ्ट इंचार्जचं बयान, त्याले वजन असते.
चार दिवस काहून म्हटलं मी.

७ फेब्रु.
एक ओळ नाही. सकाळी बसलो होतो. मग उठून कूलर धुतला, खस बदलली. सुनंदा दारात उभी राहून पाहत होती. "काहून जी, स्वेटर घालून कूलर धुऊन राहिले?"


१० फेब्रु.
गोल बाजारातून फुलस्केप कागद आणला, नवा पेन आणला. जुना चांगला चालते. पेनाचाच दोष असता तर.
'मैं, वसंत वानखेडे', एवढं लिहिलं. फाडलं. परत लिहिलं. फाडलं.

१२ फेब्रु.
मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला. "वानखेडे जी, आपका नाम कहीं नहीं आएगा. बस चुप रहना है. चुप रहने में क्या मेहनत है?"
बाहेर आलो तर हलकं वाटलं. त्या हलकेपणाची मग किळस आली. पाळी सुटली तेव्हा फुलबाई गेटासमोर उभी होती, उन्हात. मी मागच्या गेटानं निघालो.

१५ फेब्रु.
इथं तरी खरं लिहितो. भीती मॅनेजरची नाही.
चेंबरमध्ये माणूस उतरवायच्या आधी गॅस तपासून परवान्यावर सही करा लागते. तपासायचं मीटर दुरुस्तीले गेलं होतं. वरून घाई. मी 'जाँच की गई' लिहून सही केली. बिसाहू म्हणे, "साहब, उतरँव?" मी म्हटलं, "हव, उतर."
तो खरंच पिऊन असता तर बरं झालं असतं, असंही मनात आलं एकदा. तेही लिहून ठेवतो.

१६ फेब्रु.
झालं. तीन पानं. निशाले दिलं, शुद्धलेखन पाह्यले. अकरावीत आहे, माझ्यापेक्षा हिंदी चांगली. मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत.
दोनदा वाचलं तिनं. "पापा, 'अनुमति दी गई.' किसने दी?"
म्हटलं, सरकारी भाषा अशीच असते.
"और 'हस्ताक्षर किए गए'? आप उस दिन छुट्टी पर थे क्या?"
टोचून नव्हती विचारत पोट्टी. तिले खरंच तसं वाटलं. तीन पानांत मी कुठंच नाही.
न्हाणीत जाऊन नळ सोडून बसलो. बराच वेळ.

१९ फेब्रु.
तीन दिवस ड्यूटीवर नाही. ताप सांगितला. ताप नाही. जेवण जात नाही.
आज सुनंदाले सगळं सांगितलं. लाखडीची भाजी निवडून राहिली होती, हात थांबले. "नोकरी जाईन. केसबी होईन तुमच्यावर."
"हो."
भाजीचं ताट बाजूले सारलं. मग म्हणे, "मले काहून सांगता? फुलबाईले सांगा." पुन्हा भाजी ओढली. "अन् अख्खं नका लिहू आता. तेवढी एकच ओळ लिहा. इथं, माझ्यासमोर."
लिहिली. मैंने बिना जाँच किए हस्ताक्षर किए. अक्षरं अशी की पहिलीतल्या पोट्ट्याची. तशीच ठेवली. मग 'हव, उतर' लिहिलं. मग बाकीचं आपोआप आलं, दुपारी दोन ते साडेचार, उठलो नाही. लिखाण वाईट आहे. असू दे.

२१ फेब्रु.
लेबर ऑफिस. राज्य नवं, राजधानी नवी, ऑफिसचा बोर्ड अजून कापडाचा. बाबूनं पान वाचलं, मान वर केली. "ये तो आप अपने ही खिलाफ लिखे हैं."
"हव."
ठप्पा मारून पोच दिली. सुनावणी पुढच्या महिन्यात.
तिथून सरळ फुलबाईच्या वस्तीत, पाऱ्यात. सुनावणीत दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागू नये तिले. अंगणात उभ्यानंच वाचून दाखवलं. 'वह पिया हुआ नहीं था' आलं तेव्हा डोळ्यांले पदर लावला. मग सहीची ओळ आली.
पदर खाली. "फेर पढ़."
पुन्हा वाचली. 
ती उठली, आत गेली, दार लावून घेतलं. रडण्याचा आवाज नाही, कशाचाच नाही. अर्धा तास उभा होतो. शेजारीण म्हणे, "अब जाव भैया."
आलो. फॅक्टरीतून अजून काही पत्र नाही. सुनावणीले फुलबाई माझ्या बाजूच्या बाकावर बसते का समोरच्या, कोणाले विचारू.