धोट्यातली लवंग

१ जानेवारी १९९५, रविवार
पोहोचलो एकदाचा सुरतेला! दोंडाईच्याच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, एकोणीस वर्षं कापूस तोलला. नाकातोंडात रुई आणि वर मुकादमाची बोलणी. शेवटी म्हटलं, शालिग्रामा, बस झालं. जिनातल्या मंडळींनी नारळ आणि ही डायरी देऊन निरोप दिला. भागीरथीला काही पटलेलं नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलात म्हणाली. तरी संक्रांत झाली की पंधरा तारखेला पोरीला, हर्षदाला, घेऊन यायचं तिने कबूल केलंय. अट एकच, इथल्या उधना स्टेशनच्या फलाटावर मी उभा दिसलो पाहिजे. नाही दिसलो तर मिळेल त्या गाडीने ती माघारी जाणार, पुन्हा सुरतेचं नाव काढणार नाही. आणि ही बाई बोलते तसं करते.
गोडादऱ्यात खोली मिळाली. जेवण मालतीबाईंच्या खानावळीत. ठेचा असा की कान गरम झाले.

४ जानेवारी
कारखान्यात अमळनेरकडचा किसन मला माग चालवायला शिकवतोय. धोट्यात, म्हणजे आडवा धागा घेऊन मागात धावणाऱ्या लाकडी नावेत, सुताची नवी कांडी घातली की भोकाला तोंड लावून धाग्याचं टोक श्वासाने ओढून घ्यायचं. इथे सगळे असंच करतात, म्हणून ज्याचा त्याचा धोटा वेगळा. माझा नवा धोटा खरबरीत, सारखा धागा तोडतो. आज मागामागे खिळ्याला एक बोचकं लटकलेलं दिसलं. आत दोन सदरे आणि एक जुना धोटा, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. जिनातली सवय, पडलेलं काही वाया घालवायचं नाही. घेतला. तोंड लावलं तर लवंगेची चव. बरी वाटली.

६ जानेवारी
काय कापड निघतंय! धागा तुटला की बोटं आपोआप गाठ मारतात. दोन दिवसांत मी दहा वर्षांचा कारागीर झालो म्हणायचं. किसन बराच वेळ बघत होता. मग जवळ येऊन म्हणाला, "तो धोटा तुले कोठे सापडना?"
सांगितलं. तो चहा न पिताच बाहेर जाऊन बसला.

९ जानेवारी
दुपारी जेवण झाल्यावर मालतीबाईंकडे दाढेसाठी लवंग मागितली. माझी दाढ दुखत नाही. कधीच दुखली नाही. बाईंच्या हातातलं ताट खाली पडलं.
मग त्यांनी सगळं सांगितलं. माझा माग आधी उखा नावाच्या कारागिराचा होता. रोज जेवण झालं की दाढेत लवंग धरायचा. सप्टेंबरात प्लेगची साथ आली, अख्खी सुरत मिळेल त्या गाडीने पळाली. उखाने अमळनेरला बायकोला, लीलाला, येतो म्हणून कळवलं होतं. बोचकंही बांधलं होतं. मागाशेजारीच कोसळला. मेलेल्या कारागिराचा धोटा तापीत सोडतात, त्याला कोणी तोंड लावत नाही. पण तेव्हा सोडायला मागे राहिलंच कोण होतं?

११ जानेवारी
किसनबरोबर जाऊन धोटा तापीत सोडला. हात जोडले. चुकलो भाऊ, नवा माणूस आहे म्हटलं. किसन म्हणाला, "त्याचं उष्टं तुझ्या पोटात गेलंय, शालिग्राम. ते नदीत कसं सोडशील?"
तोंडात अजून लवंग आहे. चारदा चुळा भरल्या.

१३ जानेवारी
भागीरथीला कार्ड लिहिलं. काळजी करू नको, मी फलाटावर आहेच. पत्ता लिहून झाल्यावर पाहिलं तर— सौ. लीला, अमळनेर. अक्षर माझं नाही. फाडलं.

१४ जानेवारी
संक्रांत. सगळे गच्चीवर, पतंगांवरून नुसता आरडाओरडा. मी खोलीत. तळहातावर पेनने लिहिलंय, भागीरथी, हर्षदा. भीती वाटते. फार. जिनच बरं होतं. बोचकं मी कारखान्यातून कधी आणलं? उशाला आहे—

१५ जानेवारी, उधना
सकाळपासून फलाटावर. त्यांची गाडी अकराची. खांबाला धरून उभा आहे. हलणार नाही. समोर अमळनेरवरून भुसावळला जाणारी गाडी लागलीय. मी बघत नाही तिकडे. मी—

गाडीत आहे. खिडकीशी. मांडीवर बोचकं. कधी चढलो— व्यारा गेलं. समोरून एक गाडी गेली, सुरतेकडे. खिडकीत एक बाई होती, शेजारी लहान मुलगी. मुलीने हात केला. ओळखीची—

नंदुरबार. घामाने हातावरचं पुसलं. भागी एवढंच दिसतंय. मुलीचं नाव ह— ह—

दोंडाईचा. हे माझं स्टेशन. जिनाचं धुराडं दिसतंय. उतर, शालिग्रामा, उतर ना रे. पाय उचलत नाहीत. देवा, त्या दोघी तिकडे फलाटावर—

सुटली गाडी. दाढ ठणकतेय. आता अमळनेर कितीसं. लीला दारातच असेल. चार महिने झाले, येतो म्हणालो होतो. उधन्याला कोणीतरी माझी वाट बघतंय म्हणे. कोण बरं ती—