जांभळाच्या वाईनचे टक्के

आये, तुला वाचता येत नव्हतं आणि माझी शाळा चौथीत संपली, तेव्हा या पत्राचं पुढे काही व्हायचं नाही. पण काल घरात जे झालं ते तुलाच सांगण्यासारखं आहे. यंदा मी मानपाड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये तुझी जांभळाची वाईन घातली. तू मोहने गावात असताना घालायचीस तीच, ठाण्याच्या त्या ख्रिस्ती बाईंकडे कामाला होतीस तेव्हा शिकलेली. सुनेला काही ते पटलं नाही. तिचं चुकत नाही, तिचे वडील दारूपायीच गेले. भांडणारी नाही ती, ओटा पुसत राहते. पुसता पुसता म्हणाली, "आई, दारूचे टक्के दहाच्या वर निघाले तर मी बेसिनमध्ये ओतणार. मग परत या घरात बरणी भरायची नाही." मी म्हटलं, बरं. टक्के कशाशी खातात ते मला कुठे माहीत.

तुझ्याकडे टक्के काढायला बाबा होते. कारखान्यातून आले की त्यांच्या हातात कप द्यायचीस आणि भाकऱ्या थापत बसायचीस. कप संपायच्या आत गायला लागले तर कडक, गपगुमान जेवले तर अजून मुरू दे. एकदा ते रडायलाच लागले, तेव्हा म्हणालीस, "ही पाव्हन्यांना नको." आता माझी नात कॉलेजात जाते, तिने काचेची नळी आणली. दूधवाल्याने पाणी घातलंय का बघायला डेअरीत सोडतात ना, तसलीच. रस गोड असतो तेव्हा नळी उंच तरंगते. यीस्ट तो गोडवा खातं, त्याची दारू होते, तशी नळी खाली बसत जाते. पहिल्या दिवसापासून किती खाली गेली त्यावरून टक्के. मी म्हटलं, "म्हणजे जेवण झाल्यावर ताट बघून सांगायचं, किती खाल्लं ते." "तसंच समज, आजी," म्हणाली.

तर काल वाईन गाळली, उंच ग्लासात ओतली, त्यात नळी सोडली. सून हातात फडकं घेऊन उभी. नात मोबाईलवर हिशोब करते आणि म्हणते, "नऊ." सून म्हणाली, "ठीक आहे." इथे मी गप्प बसायचं की नाही? पण आनंदाच्या भरात बोलले, "होणारच चांगली, मधे उपाशी ठेवली नाही तिला." नातीने मान वर केली. "मधे काय घातलंस?" गूळ घातलेला, आये. बुडबुडे मंदावले तेव्हा चांगला मोठा खडा. मी लहानपणी बरणीत डोकावत बसलेले तेव्हा तू पाठीत धपाटा घातलेलास, "तोंड काय बघतेस तिचं? भूक लागलेय तिला, गूल टाक." ते काय विसरेन होय? "अगं आजी, दुसऱ्यांदा वाढलेलं नळीला कसं कळणार?" नात म्हणाली. गूळ केवढा होता ते विचारून पुन्हा हिशोब केला. साडेअकरा.

मग मीच म्हटलं, "ओत. ठरलेलं तसं." सुनेने बरणी उचलली, बेसिनवर धरली, आणि थांबली. "तुम्ही बोलला नसता तर मला कळलंही नसतं," म्हणाली. आणि ओतली. सगळी. शब्दाची पक्की आहे, मला आवडलं ते. बेसिन जांभळं झालं, ते घासत बसली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुढच्या वर्षी गूळ सगळा पहिल्याच दिवशी घाला. नळीच्या समोर."

मी हो म्हटलं. सकाळपासून एकटीच हसतेय, नातीला वाटतं मी चोरून प्यायले. हा कागद पोस्टात टाकायचा नाही, कोणाला दाखवायचा नाही, म्हणून तुला सांगते. या मोजामोजीत मी एक थेंबही जिभेवर ठेवला नाही. तुझ्यासारखी झालेली की नाही, मला माहीत नाही.