साहेबाच्या खुर्चीत कोण बसलं

प्रिय बाबा,

काल तुमची शोकसभा झाली. तिथं काय घडलं ते तुम्हाला दुसरं कुणी सरळ सांगणार नाही, म्हणून मीच लिहायला बसले. आधीच सांगते, मी जे केलं त्याचं मला जराही वाईट वाटत नाहीये!

रेल्वेची ड्यूटी सांभाळून तुम्ही आम्हाला गुढियारीच्या चौकात नाटक शिकवलंत. भर उजेडात, पडद्याशिवाय. पुढे काय होणार ते आधीच पाटीवर लिहून दाखवायचं. सगळ्यांसमोर टोपी घालून शिपाई व्हायचं, टोपी काढली की मी पुन्हा नलू. कुणाच्या डोळ्यांत पाणी दिसलं की तुम्ही मध्येच डफ वाजवून गाणं सुरू करायचात. मी चिडायचे, "काहून थांबवता बाबा? लोक रडून राहिले होते ना!"

"म्हनूनच थांबवलं, पोट्टे. रडलं का मानूस हलका होते अन् घरी जाऊन जेवते. त्याले विचार करू दे."

आणि ती लाल खुर्ची! रायपूर राजधानी झालं, रस्ते रुंद होऊ लागले, वस्त्या उठू लागल्या, तेव्हाचं ते नाटक. वस्ती उठवणाऱ्या साहेबाचं काम तुम्ही कुणालाच दिलं नाही. खुर्ची रिकामी. प्रेक्षकांतून जो येऊन बसेल तो साहेब, आणि लोक विचारतील त्याचं उत्तर त्यानं द्यायचं.

चौकात माझ्यासोबतच तुमच्याकडे शिकलेल्या, तुमच्या लाडक्या विनोद भैयानं तेच नाटक सरकारी सभागृहात केलं. खरीखुरी झोपडी, निळा अंधार, सारंगी. पाट्या नाहीत, खुर्ची नाही, प्रश्न नाही. पहिल्या रांगेतल्या साहेबांनी डोळे पुसले, विनोदला शाल घातली आणि त्याच आठवड्यात आपला नाल्याकाठचा पारा, अख्खी वस्ती, तोडला. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलात ते उठलाच नाहीत. तरी म्हणायचात, "जाऊ दे, आपलाच पोट्टा हाय." इतकं मोठं मन कशाला हो ठेवलंत?

काल तुमच्या फोटोशेजारी आम्ही ती खुर्ची ठेवली होती. विनोद आला, फोटोला हार घातला आणि सरळ त्या खुर्चीत बसला! विसरला होता, बाबा. शाली घेऊन घेऊन खुर्ची आपल्यासाठीच असते असं वाटायला लागलं त्याला.

मी 'साहेब' लिहिलेली पाटी त्याच्या गळ्यात घातली.

"नलू, ये क्या कर रही है?"

तेवढ्यात मागून दुलारी काकी उठली. पारा तुटला त्यात तिचंही घर गेलं, ते कुठं गेलं म्हणून तिनं विचारलं. "साहेब, मोर घर कहाँ गिस?"

मग दुसरी उठली, तिसरा उठला. तो उठायला लागला तशी मी म्हटलं, "जवाब देल्याशिवाय उठाचं नाही, भैया. बाबाचा नियम हाय."

शेवटी तो हुंदके देऊन रडायला लागला. लोक पाघळले. काकीसुद्धा पदर डोळ्यांना लावू लागली. मग मी काय केलं असेल? तुमचा डफ उचलला आणि वाजवला!

उत्तर त्यानं दिलं नाही. म्हणून उद्यापासून ही खुर्ची रोज त्याच्या फाटकासमोर मांडणार आहे, भर उजेडात, पाटीवर त्याचं नाव लिहून. आणि बाबा, तो उत्तर देईपर्यंत तुमच्यासाठीही मी रडणार नाही.

तुमची,
नलू