टोचतंय म्हणालो

ती. आत्या,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना आणि त्यांच्या मागोमाग तुला साष्टांग नमस्कार. (नमस्कार कागदावरच समज. प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला माणसं बोलवावी लागतील.) उजवा गुडघा डाव्याशी बोलायला लागला का, की अजून अबोलाच आहे? कंबर काय म्हणते? या खेपेला औषध बदललंस की डॉक्टर? मागे तू माझ्या पायांची चौकशी केलीस आणि मी "ठीक आहे" एवढंच लिहिलं, म्हणून रागावलीस. बरोबरच आहे तुझं. आपल्या घराण्यात दुखणं सांगायची सगळी कला तुझ्याकडे गेली, आमच्या वाट्याला नुसतं दुखणं आलं. तेव्हा आज सविस्तर लिहितो. चहा घेऊन बस.

पायांच्या नसा सुकत चालल्यात असं आपले नेहमीचे डॉक्टर म्हणतात. घोट्याच्या खाली काय चाललंय याची खबर वर पोचतच नाही. घरात हे चालून जातं (एकदा एकाच पायात चप्पल घालून दुकानापर्यंत गेलो, दुकानदाराने सांगितलं तेव्हा कळलं), पण छापखान्यात मी कटिंग मशीनवर. पायाने पेडल दाबून कागदाची थप्पी घट्ट धरायची, मग वरून पातं येतं. आता पाय पेडलवर आहे की शेजारच्या फरशीवर, हे मला वाकून बघावं लागतं, आणि मी वाकलो की हात कुठे गेलेत ते बघायला दुसरं कुणीतरी हवं. डॉक्टर म्हणाले, मशीन बंद, बसून करायचं काम द्या. मालक म्हणाले, देतो, पण विमा कंपनीने मान्य केलं पाहिजे. विमा कंपनी म्हणाली, तुमचे डॉक्टर ते तुमचेच, आम्ही त्रयस्थ डॉक्टरकडून तपासून घेणार. त्याने धडधाकट म्हटलं की मी पुन्हा पात्यासमोर उभा. थोडक्यात, माझी बोटं सध्या एका अनोळखी माणसाच्या सहीवर आहेत.

तपासणीच्या दिवशी तुझी भाचेसून म्हणाली, दाढी करू नका, जुना सदरा घाला, जरा आजारी दिसा. पण डॉक्टरकडे जाताना स्वच्छ जावं हे आईने इतकं हाडीमाशी भिनवलंय, की मी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि बुटांना पॉलिशसुद्धा केलं. मेहुण्याने (त्याला सगळंच माहीत असतं, फक्त स्वतःची नोकरी टिकवायची कशी एवढं सोडून) बजावलं होतं, की ही माणसं फाटकापासूनच खिडकीतून तुमची चाल बघतात. झालं. फाटकाशी आलो आणि मी एरवी चालतो कसा तेच आठवेना. नीट चाललो तर म्हणतील बरा आहे, अडखळलो तर म्हणतील सोंग करतो. खऱ्या दुखण्याचंही नाटक बसवावं लागतं, आत्या, आणि मला शाळेतही कधी कुणी नाटकात घेतलं नव्हतं. भिंतीला धरून कसाबसा आत गेलो. मग कळलं, ती खिडकी शेजारच्या दातांच्या दवाखान्याची.

डॉक्टर मात्र भला माणूस. आधीच सांगून टाकलं, मी तुमच्यावर उपचार करणार नाही, सल्ला देणार नाही, मी तुमचा नाही आणि कंपनीचाही नाही. इतका कुणाचाच नसलेला माणूस मी प्रथमच पाहिला. मला त्याची दयाच आली. त्याने गुडघ्यावर हातोडी मारली, गुडघा ढिम्म. (तुझ्या गुडघ्याने नक्की काहीतरी सुनावलं असतं.) एका रेषेवर चालायला लावलं, मी तीन-चार रेषांवर चाललो. इथपर्यंत सगळं माझ्या बाजूने चाललं होतं. मग म्हणाला, डोळे मिटा, मी पायाला टाचणी लावतो, टोचली की हो म्हणा.

मी डोळे मिटले. काहीच कळेना. खोलीत पंख्याचा आवाज, आणि तो सज्जन माणूस बिचारा वाट बघत असणार. कुणी आपल्यासाठी एवढे कष्ट घेतोय आणि आपण तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं, हे काही मला जमेना. मी म्हणालो, "हो." थोडं थांबून पुन्हा, "हो." मग अधूनमधून "हो", मध्ये एकदा "हो, जरा जोरात टोचलं." नुसती भीड नव्हती, आत्या. ते टोचायला हवं होतं मला. वाटलं, म्हणत राहिलो तर एखाद वेळी खरंच टोचेल.

शेवटी तो म्हणाला, "काका, डोळे उघडा." टाचणी टेबलावर होती. तो केव्हाचा काहीतरी लिहीत बसला होता. म्हणाला, आजाराचं सोंग करणारे खूप येतात, तब्येतीचं सोंग करणारा पहिलाच, हे कुठल्या रकान्यात भरायचं तेच कळत नाही. मी ओशाळून मोजे घालायला लागलो, तर एकाच पायात दोन्ही. काल अहवाल आला. मी सांगतो त्यावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून पुन्हा तपासणी, आणि या वेळी खरं बोलणारा एखादा जवळचा नातेवाईक सोबत आणावा. घरी मी सांगितलं, गर्दी होती, परत बोलावलंय.

बाकी सगळं यथास्थित. थकलोय जरा, पण बसून बसूनच. तब्येतीला जप, आणि गुडघ्यांना माझा निरोप दे.

तुझा भाचा

ता. क. तो नातेवाईक म्हणजे तू. येत्या गुरुवारी ये. तू दुखण्याचं वर्णन करायला लागलीस की ऐकणारा धडधाकट माणूससुद्धा उठताना भिंत धरतो. फक्त त्या दिवशी माझ्या पायांबद्दल बोल, स्वतःच्या गुडघ्यांबद्दल नको. जाण्यायेण्याची रिक्षा मी करीन.

ता. क. २. टाचणीची गोष्ट तुझ्या भाचेसुनेला ठाऊक नाही. आधी दोन दिवस येऊन राहा आणि तूच तिला सांग. माझ्याच्याने होत नाही. परवा रात्री तिने माझ्या पायांशी गरम पाण्याची पिशवी ठेवली. सकाळी टाचेला हा एवढा फोड, तोही तिलाच दिसला. घाबरून विचारलं, दुखतंय का? मी म्हणालो, थोडंसं. "दुखतंय ना, मग पायात जीव आहे," असं म्हणून ती किती तरी दिवसांनी हसली, आणि मलम आणायला गेली.